चैत्रातली भिंत

मंगळवार, १२ फेब्रुवारी १९४६. सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी काझी मास्तर आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसले. आकाशात वाट कशी काढावी, हे ते आम्हा सात जणांना जवळजवळ वर्षभर शिकवत होते.

बसण्यापूर्वी त्यांनी बूट काढले आणि धावपट्टीच्या कडेला एकमेकांशेजारी ठेवले. डोक्यावरची तुर्की टोपी काढून बुटांवर ठेवली. मेकॅनिकने दिलेली कातडी टोपी चढवली आणि पायमोज्यांनिशी ते पुढच्या बैठकीत उतरले. मी मागच्या बैठकीत होतो. विमान मला चालवायचे होते; कोणत्या दिशेला आणि किती वेळ, हे त्यांनी सांगायचे होते. पट्टीच्या टोकाला आमचे मुख्य शिक्षक कॅप्टन दस्तूर घड्याळ घेऊन उभे होते. मास्तरांचा वर्ग राहणार की बंद होणार, हे त्या घड्याळावर ठरणार होते.

युद्धाच्या दिवसांत नगरबाहेरच्या माळावर एक पट्टी सपाट केली होती. तिच्यावर एक खासगी विमानशाळा उघडली. ती फार दिवस टिकली नाही, म्हणून तिचे नाव सांगत नाही. दोन दुपंखी विमाने, पत्र्याची एक शेड आणि शेडच्या पोटात लाकडी फळ्यांची एक खोली, एवढाच संसार होता. खोलीत काझी मास्तरांचा वर्ग भरे. मास्तर मूळचे संगमनेरचे. तीस वर्षे त्यांनी शाळेत भूगोल आणि भूमिती शिकवली होती. निवृत्त झाल्यावर नगरला लेकीच्या घराजवळ बिऱ्हाड केले. विमानशाळेला गणित जाणणारा शिक्षक हवा आहे असे कळले, तेव्हा ते सायकलवरून आले आणि दस्तूरांना म्हणाले, "मी विमान पाहिलेलं आहे, लांबून. पण पृथ्वी मला चांगली माहीत आहे."

अंगाने लहान, पाठीने ताठ. काळी शेरवाणी, गळ्यापर्यंत बंद. पेन्सिल टोपीच्या कडेत खोचलेली. बोलणे स्वच्छ आणि मोजके. त्यांनी वर्गात कधी आवाज चढवला नाही. चुकीचे उत्तर आले की ते चिडत नसत. त्यांच्या चेहऱ्यावर एक उत्सुकता येई. "हे उत्तर तू कुठून आणलंस? वाट दाखव." मग आम्ही चुकीची वाट पावलापावलाने दाखवायची आणि ते ती शेवटपर्यंत ऐकायचे. मला सुरुवातीला हा वेळेचा अपव्यय वाटे.

नॅव्हिगेशन हा शब्द त्यांना आवडत नसे. ते 'वाटगणित' म्हणत. त्यांचा पहिला धडा असा होता. त्यांनी मला विचारले, "औटी, ढगात शिरलास. खाली काही दिसत नाही. पहिला प्रश्न कोणता?"

"मी कुठे आहे, सर."

"चुकलं. त्याचं उत्तर तुला कोण देणार? ढग? पहिला प्रश्न, मी कुठे असायला हवा. खात्रीचं शेवटचं ठिकाण कोणतं, निघून किती वेळ झाला, तोंड कुठे होतं, वेग किती, वारा कुठला. एवढं माहीत असेल तर तू हरवलेला नाहीस. तुला फक्त दिसत नाही."

ही त्यांची सवय वर्गाबाहेरही होती. रस्त्यात भेटले की लोक विचारतात, कुठे चाललात? ते विचारत, "किती वाजता निघालास?" आमचा सोबती बोरा याला याची मोठी गंमत वाटे. तो आडतबाजारातल्या एका व्यापाऱ्याचा मुलगा. सुपारी कातरता कातरता उत्तर देई. "सर, घरून निघालो तेव्हा आई रागावलेली होती. त्यावरून हिशोब करा." मास्तर गंभीरपणे म्हणत, "मग तू लवकर निघाला असशील."

या बोराच्या सुपारीवरून एक धडा झाला. एकदा तो उडून आला आणि होकायंत्र बिघडले आहे अशी तक्रार करू लागला. आमच्या विमानांत होकायंत्र बैठकीत खाली, पायांजवळ असे. मेकॅनिकने तपासले, यंत्र ठीक होते. मास्तरांनी बोराला पुन्हा बैठकीत बसवले, खिसे रिकामे करायला लावले आणि एकेक वस्तू होकायंत्राजवळ नेली. रुमाल. सुई हलली नाही. सुपारी. हलली नाही. अडकित्ता. सुई वळली.

"आपल्या भागात खरी उत्तर आणि होकायंत्राची उत्तर यांत फारसं अंतर नाही," मास्तर म्हणाले. "ही अल्लाची मेहेरबानी. अडकित्त्याचं अंतर ही बोराची मेहेरबानी."

त्या दिवसापासून उड्डाणापूर्वी त्यांनी आमचे खिसे तपासायला सुरुवात केली. त्यांच्या स्वतःच्या बुटांच्या टाचांना लोखंडी नाल होते. उभ्या विमानापाशीसुद्धा ते बूट काढून जात.

वारा त्यांनी म्हशीवरून शिकवला. संगमनेरला लहानपणी त्यांनी प्रवरेच्या काठावर पाहिले होते, की गुराखी म्हैस पैलतीराला नेताना तिला समोर तोंड करून पाण्यात घालत नाही. प्रवाहाच्या वरच्या अंगाला तोंड करून घालतो. म्हैस पोहते तिरकी आणि लागते बरोबर समोरच्या उतारावर. "म्हैस जिकडे बघते आणि जिकडे लागते, यांच्यामधला कोन म्हणजे वाऱ्याची दुरुस्ती. म्हशीला हे कळतं. तुम्हाला परवाना मिळायचा आहे."

पृथ्वीचा गोल शाळेपाशी नव्हता. मास्तरांनी बाजारातून लाल भोपळा आणला. भोपळ्याला वरून खालपर्यंत उभ्या खाचा असतात; देठ हा उत्तर ध्रुव. "रेखावृत्तं निसर्गाने आखलेली आहेत. आडवी वर्तुळं तेवढी मी काढतो." ती त्यांनी चुन्याने काढली. मग एक दोरा घेतला आणि भोपळ्यावरच्या दोन ठिकाणांमध्ये ताणून धरला. ताणलेला दोरा म्हणजे सर्वांत जवळची वाट. ती सपाट नकाशावर सरळ दिसत नाही. आणि नकाशावर जी सरळ दिसते ती जवळची नसते. हे आम्हाला पटेना. तेव्हा त्यांनी नगरच्या जागी पेन्सिलीने एक ठिपका केला आणि मक्केच्या जागी एक. दोरा ताणला. तो नगरहून निघताना थेट पश्चिमेला न जाता किंचित उजवीकडे, उत्तरेच्या अंगाला झुकला.

"दहा अंश," मास्तर म्हणाले. "सगळे पश्चिम म्हणतात. खरी दिशा पश्चिमेच्या दहा अंश उजवीकडे."

बोराने विचारलेच. "मग सर, तुम्ही नमाज पढताना तोंड कुठे करता?"

"मशिदीत सगळे करतात तिकडे. तिथे मी इमामाच्या मागे असतो. वाट काढणं माझं काम नाही. घरी दोऱ्याप्रमाणे."

धडा संपला की भोपळा सायकलला बांधून घरी जाई आणि त्याची भाजी होई. पुढच्या धड्याला नवा भोपळा. त्या वर्षी मास्तरांच्या लेकीच्या घरी भोपळ्याचा कंटाळा आला असावा.

आता चूक. ती मास्तरांची होती आणि त्यांनी ती कधी दुसऱ्यावर ढकलली नाही.

एकदा वर्गात प्रश्न निघाला की हवेत असताना होकायंत्राचा संशय आला तर काय करावे. मास्तर म्हणाले, "मोठ्या गावाबाहेर ईदगाहची भिंत असते. उघड्यावर, एकटी, चुन्याने पांढरी. ईदच्या नमाजाला लोक तिच्याकडे, म्हणजे पश्चिमेकडे, तोंड करून उभे राहतात. म्हणून भिंत उत्तर-दक्षिण असते. विमान तिच्या रेषेत न्या आणि सुई पडताळा." त्यांनी नगरची भिंत पाहिली होती, संगमनेरची पाहिली होती. दोन्ही तशाच होत्या. आम्ही ते लिहून घेतले.

महिन्याभराने बोरा एकटा संगमनेरला जाऊन परत येत होता. राहुरीच्या अलीकडे त्याला सुईचा संशय आला. का आला, हे त्याला स्वतःला कधी सांगता आले नाही. खाली एका खेड्याबाहेर पांढरी भिंत दिसली. त्याने विमान भिंतीच्या रेषेत नेले; सुई उत्तरेपासून पंचवीस अंश दूर. बोराने भिंतीवर विश्वास ठेवला आणि सुईतून पंचवीस अंश वजा केले. नगर राहिले उजवीकडे. पेट्रोल संपत आले तेव्हा तो घोडेगावच्या बैलबाजाराशेजारच्या वावरात उतरला. दिवस बाजाराचा होता. विमानाचे एक चाक मोडले. बोराला खरचटलेसुद्धा नाही.

मेकॅनिकबरोबर ट्रकमधून मी तिथे गेलो. विमानाभोवती बाजार गोळा झाला होता. एक दलाल पंखावर उपरणे टाकून उभा होता आणि उपरण्याखाली हात घालून बोराला खुणावत होता, जसा बैलाचा सौदा करतात.

"बोला पायलट, दात किती हायेत ह्याला?"

"आवो, आधी पाय तर बगा," दुसरा म्हणाला. "लंगडं जनावर कोन घेतंय?"

"वैरण काय घालता? लई खातं व्हय?"

बोरा रडकुंडीला आला होता. मी त्याला ट्रकमध्ये बसवले.

दुसऱ्या दिवशी कॅप्टन दस्तूर वर्गात आले. दस्तूर पारशी होते. हवेत वीस वर्षे काढलेला माणूस. मराठी बोलत, पण आपल्या पद्धतीने. विमान उडवायला हात आणि डोळे लागतात, आकडे लागत नाहीत, असे त्यांचे मत होते. रस्ता बघ, रेल्वे बघ, नदी बघ, आणि घरी ये.

"काझी, ए काय शिकवतोस तू पोरांना? माझा चाक मोडला! बोरा बोलतो, सरने भिंत सांगितली."

"हो. मीच सांगितलं."

"मग?"

मास्तर बोराकडे वळले. "कोणती भिंत?"

"अरे, मी चाकाचं बोलतो!" दस्तूर ओरडले.

"दस्तूरसाहेब, चूक माझी आहे, ती मी मानतो. पण पंचवीस अंश म्हणजे फार झाले. कोणती भिंत, बोरा? जागा दाखव."

रविवारी मास्तर सायकलवर त्या भिंतीकडे निघाले. मलाही त्यांनी बरोबर घेतले. राहुरीकडचा रस्ता लांबचा, दुपार झाली. त्यांनी सायकल दूर एका बाभळीला टेकवली, बूट सायकलपाशी काढले, आणि हातातले होकायंत्र घेऊन अनवाणी भिंतीपर्यंत चालत गेले. एका टोकावरून वाचले, मग दुसऱ्या टोकावरून. नेहमी दोन्ही टोकांवरून वाचायचे, असा त्यांचा नियम होता. पंचवीस अंशच भरले.

गावात चौकशी केली, तेव्हा ती भिंत बांधणारा गवंडी हयात निघाला. म्हातारा, हिंदू, उन्हात बसलेला.

"सायेब, दिस बुडतो तिकडं तोंड, आसं मौलवी सांगून गेल्ते. आमी पुसात पाया खांदला. दिस टेकाया लागला तवा दोन खुट्या ठोकल्या, सुतळी वडली. लई झ्याक भिंत हाय. आजून चीर न्हाई. काय चुकलं का?"

मास्तर त्याच्यापुढे जमिनीवर बसले. त्यांचा चेहरा उजळला होता. तसा तो मी परीक्षेत कोणी पहिला आल्यावरही पाहिला नव्हता.

"नाही बाबा, चुकलं नाही. ज्या संध्याकाळी सुतळी ओढलीस, त्या संध्याकाळचं बरोबर आहे. थंडीत सूर्य डावीकडे सरकून मावळतो. ज्येष्ठ-आषाढात सुतळी ओढली असतीस तर भिंत दुसऱ्या अंगाला फिरली असती."

"आखाडात ढग आस्त्यात, सायेब. दिस दिसतोय कुटं?"

"हेही खरं."

परतताना ते नगर दिसू लागल्यावर म्हणाले, "तीस वर्षं मी भूगोल शिकवला. सूर्य कुठे मावळतो हे मला माहीत होतं. पण गवंडी कधी काम धरतो, हे मी विचारलं नव्हतं."

त्यानंतर त्यांना छंदच लागला. सुटीच्या दिवशी ते एकेका गावी जात, भिंतीची दिशा काढत आणि तिच्यावरून पायाचा महिना सांगत. एका गावी ते म्हणाले, ही मृगाच्या तोंडावरची. तिथला म्हातारा म्हणाला, "व्हय की, पाऊस लागायच्या आत उरकली हुती." मास्तरांनी हा प्रसंग वर्गात दोनदा सांगितला, एरवी ते काहीही दोनदा सांगत नसत. काही भिंती थेट पश्चिमेच्या, काही पौषाच्या, काही ज्येष्ठाच्या. दोऱ्याने दाखवलेली दहा अंशांची दिशा मात्र एकाही भिंतीला नव्हती. सायकल पोचेल तेवढ्या सगळ्या भिंती त्यांनी पाहिल्या.

दस्तूर गप्प बसले नव्हते. बऱ्याच दिवसांनी चाक दुरुस्त झाले त्या दिवशी ते पुन्हा वर्गात आले.

"काझी, बस झाला. तू कधी वर गेला नाही, आणि पोरांना वरचं शिकवतो. आता असं कर. खर्डा. तिथे रेल्वे नाही, धड रस्ता नाही. एक किल्ला आहे. औटीकडे साधा परवाना आहे, तो उडवेल. वाट तू सांग. किल्ल्याला वळसा घाल आणि परत ये. किती वाजता उतरणार ते आधी फळ्यावर लिही. पाच मिनिटं इकडे, पाच मिनिटं तिकडे, मी काही बोलणार नाही. त्याच्या बाहेर गेलास, तर वर्ग बंद. पोरं रस्ता बघून उडतील."

"कबूल," मास्तर म्हणाले.

त्या संध्याकाळी मी त्यांच्याबरोबर सायकलने गावाकडे जात होतो. मी म्हणालो, "सर, अट कडक आहे." ते सायकलवरून उतरले. मग म्हणाले, "औटी, शाळेत मी हजारभर मुलांना जगाचा नकाशा शिकवला. त्यांतला एकही त्या नकाशातून चालत गेला नाही. तुम्ही सात जण जाता. म्हणून हा वर्ग मला हवा आहे." वर्गाबद्दल एवढेच ते बोलले.

ठरलेल्या दिवशी पहाटे ते आमच्या आधी माळावर आले होते. कडेच्या वस्तीवरच्या चुलींचा धूर कुठे झुकतो ते त्यांनी पाहिले. फळ्यावर जाण्याची दिशा, येण्याची दिशा, वाऱ्याची दुरुस्ती आणि उतरण्याची वेळ लिहिली. अक्षर नेहमीसारखे.

आम्ही हवेत उठलो. शहर मागे पडायच्या आतच मास्तरांनी नकाशा उलगडला आणि वाऱ्याने तो त्यांच्या हातातून काढून नेला. उघडे विमान, नकाशा कसा धरावा हे आम्ही त्यांना सांगायला हवे होते, आणि आम्हा कोणालाच ते सुचले नाही. मला तो शेपटीवरून जाताना दिसला. थोड्या वेळाने मास्तर बाजूला झुकले आणि त्यांना उलटी झाली. पुन्हा झाली. पुढच्या बैठकीतून मागच्या बैठकीपर्यंत बोलण्यासाठी एक रबरी नळी होती. मी नळीतून विचारले, "सर, परत फिरू?"

"नाही. किती वाजले?"

मी सांगितले.

"तोंड आहे तसंच ठेव."

खाली कोरडा मुलूख, हरभऱ्याचे तुकडे, मध्येच एखादे खेडे. पुढे धुरळा होता. क्षितिज दिसत नव्हते. सांगितलेली वेळ जवळ आली आणि किल्ला दिसेना. डावीकडे एक मोठे गाव आणि तटासारखे काहीतरी दिसत होते. माझा हात डावीकडे वळू लागला.

"सर, डावीकडे तट दिसतो."

"आपण तिथे असायला हवं का?"

"नाही."

"मग तो तट नाही. सरळ."

मी सरळ गेलो. ती एका मळ्याची दगडी ताल, माती अडवणारा बांध होता, हे जवळून जाताना दिसले. पुढच्याच मिनिटाला धुरळ्यातून खर्ड्याचा किल्ला वर आला, चौकोनी, बुरुजांसह, नाकासमोर. नळीतून आले, "एवढा लहान आहे होय?" आणि मग, "वळसा घाल. येण्याची दिशा तुला माहीत आहे."

ते आता बैठकीच्या काठावर दोन्ही हात ठेवून खाली बघत होते. उलट्या थांबल्या होत्या. मधूनमधून नळीतून आवाज येई. "ती विहीर आहे?" "शेताच्या बांधांना सरळ रेष का नाही?" "सावल्या बघ, औटी, सगळ्या एका बाजूला." प्रश्न मला नव्हते. आम्ही वेळेवर होतो. जामखेड मागे पडले तेव्हा मी मनात हिशोब केला. पट्टीवर आम्ही फळ्यावरच्या वेळेला, फार तर मिनिटभर मागेपुढे, पोचणार होतो.

मग ते म्हणाले, "औटी. उजवीकडे. ओढ्याच्या पलीकडे."

एक लहान खेडे होते. खेड्याबाहेर उघड्यावर पांढरी भिंत.

"दिसली, सर."

"तिच्या रेषेत ने."

"सर, वाट सोडावी लागेल. वेळ जाईल."

ते बैठकीच्या काठावरून आणखी बाहेर झुकले.

"मला माहीत आहे. ने."

मी विमान खाली घेतले आणि भिंतीच्या रेषेत नेले. सुई डोलत होती. "स्थिर होऊ दे," ते म्हणाले. पहिल्या फेरीत स्थिर झाली नाही. दुसऱ्या फेरीत झाली. मी वाचले, "दहा." भिंत उत्तरेपासून दहा अंश कललेली, तिच्यासमोर उभा राहणारा माणूस पश्चिमेच्या दहा अंश उजवीकडे बघणार. भोपळ्यावरच्या दोऱ्याप्रमाणे.

"आता दुसऱ्या टोकाकडून."

"सर..."

"एका टोकाकडून वाचलेलं वाचन नव्हे."

मी दुसऱ्या टोकाकडून नेले. कल पुन्हा तेवढाच आला. खाली भिंतीपाशी दोन बायका सरपण डोक्यावर घेऊन वर बघत उभ्या होत्या. मास्तरांनी त्यांच्याकडे पाहून हात हलवला.

आम्ही उतरलो तेव्हा फळ्यावरच्या वेळेला अकरा मिनिटे उलटून गेली होती. दस्तूर विमानापाशी चालत आले. ते मनाने वाईट नव्हते.

"खर्डा?" त्यांनी मला विचारले.

"नाकासमोर आला, सर. सांगितलेल्या वेळेला."

दस्तूरांनी मास्तरांकडे पाहिले. मास्तर पायमोज्यांनिशी धुळीत उभे होते, चेहरा पांढरा, शेरवाणीवर डाग. दस्तूर जरा हळू आवाजात म्हणाले, "मग परत येताना वारा फिरला असेल. फेब्रुवारीत फिरतो कधी कधी. असं होतं."

त्यांनी सुटकेचे दार उघडून दिले होते. आत पाऊल टाकायचे तेवढे बाकी होते. मीही म्हणालो, "हो सर, वारा..."

"वारा सांगितला तसाच होता," मास्तर म्हणाले. "वाऱ्यावर खोटं घालू नका. उद्या हेच आकडे घेऊन दुसरा कोणी उडेल. मी वाट सोडली."

"का?"

"भिंत होती."

"भिंत!" दस्तूरांनी कपाळाला हात लावला. "परत भिंत! काझी, तुला कळतं का, तू जिंकला होतास?"

"हो."

"शर्त म्हणजे शर्त."

"अर्थात."

मास्तर बुटांपाशी गेले, टोपी डोक्यावर ठेवली, बूट चढवले आणि वर्गात गेले. फळ्यावर उतरण्याच्या वेळेखाली त्यांनी खरी वेळ लिहिली. तिच्याखाली लिहिले: फरक, अकरा मिनिटे. कारण, काझी. दुपारी सातही जणांना बसवून त्यांनी सगळे उड्डाण पहिल्यापासून तपासले. नकाशा उडाला तो का, तट दिसला तो कसा, वाट सोडली ती कोठे. तो शेवटचा धडा होता. बोराने विचारले, "सर, मग आता आम्ही रस्ता बघून उडायचं?" मास्तर म्हणाले, "रस्ता बघा. पण रस्ता कुठे असायला हवा, ते आधी काढा."

त्या उन्हाळ्यात मी पुढच्या शिक्षणासाठी दुसरीकडे गेलो. पुढे बरीच वर्षे विमाने चालवली. मास्तर मला पुन्हा भेटले नाहीत. त्यांना त्या भिंतीच्या गावी जाऊन काय कळले, हे मला माहीत नाही.

त्या शेवटच्या धड्याच्या संध्याकाळी शेडबाहेर त्यांची सायकल उभी होती. मागे भोपळा बांधलेला. मी तिथे गेलो. विचारले, "सर, त्या भिंतीचं एवढं काय होतं?"

"शक्यता दोनच आहेत," ते म्हणाले. "गवंड्याने चैत्रात पाया घातला असेल. चैत्रात सूर्य बरोबर तिथे मावळतो. म्हणजे योगायोग. नाहीतर त्या खेड्यात कोणाला तरी दिशा माहीत होती. कोणाला? कशी? त्याच्याकडे तर भोपळाही नसेल."

"आणि चैत्रच निघाला तर?"

"तर चैत्र होता हे कळेल."

"ते गाव चाळीस मैल तरी असेल, सर."

"आता मला वेळ आहे. उद्या सकाळी निघेन." त्यांनी भोपळ्याची दोरी सोडली आणि भोपळा माझ्या हातात दिला. "हा मेकॅनिकच्या घरी दे. ओझं नको."

मग त्यांनी अंगठ्याने दोन्ही चाके दाबून पाहिली. पुढचे ठीक होते. शेडमधला पंप त्यांनी मागितला. मी आणून दिला. शेरवाणीच्या बाह्या सारून, खाली वाकून, त्यांनी मागच्या चाकात हवा भरली.